चार नंबरची खिडकी

४ जानेवारी

चि. धाकट्यास अक्काचे अ. उ. आ.

पत्र हातात पडलं की तू आधी शेवट वाचतोस, म्हणून या वेळी बातमी वरच लिहिते. चिमणीचं लग्न ठरलं! मुलगा तिच्याच कॉलेजातला, तुझ्याच गावचा, पुलांचे नकाशे काढतो. दोन वर्षं मामाकडे राहून अभ्यास करते म्हणत होती. काय अभ्यास केला तो आता कळला. तुला खरंच पत्ता नव्हता, की मामा-भाची मिळून माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होता? तुझे दाजी मुलाशी तासभर बोलले आणि मला येऊन म्हणाले, मुलगा फार हुशार आहे. तासभर हेच बोलत होते, तो बिचारा नुसती मान हलवत होता.

आता जे लिहायला जड जातंय ते लिहिते. मुलाची आई तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात औषधं देते, चार नंबरच्या खिडकीत. चिमणीकडून मी सहज विचारल्यासारखं काढून घेतलं. तू दर महिन्याला ज्या रांगेत उभा राहतोस ती त्याच खिडकीसमोर ना? उद्या लग्नात तू नवरीचा मामा म्हणून पुढे येशील आणि ती बाई तुला ओळखेल. तोंडानं काही बोलणार नाही कदाचित, पण मनात ठेवेल, आणि माझ्या पोरीला त्या घरात जन्म काढायचाय. तुझं ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, दाजींनाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न एप्रिलात आहे. तेवढे तीन महिने त्या रांगेत जाऊ नकोस. दुसऱ्या गावाहून गोळ्या आण, काहीतरी कर. लग्न झालं की पुन्हा सुरू कर.

आणि हे फोनवर नको. तुझ्या कारखान्यातला फोन सगळ्यांच्या कानावर असतो. पोस्टात इतकी वर्षं टपाल लावतेय मी, बंद पाकिटाइतकं विश्वासू माणूस अजून पाहिलं नाही.

रागावला असशील तर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
अक्का


२१ जानेवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तरीही शेवटच आधी वाचला. राग कसला? चिमणीचं मला माहीत नव्हतं, शप्पथ. तो मुलगा कारखान्यात दोनदा खुर्ची दुरुस्तीला घेऊन आला होता. दोन्ही वेळा तीच खुर्ची. मला वाटलं माझंच काम कच्चं राहिलं, म्हणून दुसऱ्यांदा फुकट करून दिली. जावयानं सासरच्यांना आधीच गंडवलंय म्हणून दाजींना सांग.

‘तुझं ते’ म्हणजे एचआयव्ही. नाव लिहिलंस तर कागद जळत नाही. गेल्या गुरुवारी तीन तास प्रवास करून पलीकडच्या शहरातल्या केंद्रात गेलो. माणसं चांगली होती, बसायला खुर्ची दिली (खुर्चीचं काम सुमार). पण गोळ्या द्यायला त्यांना जुन्या केंद्राचा बदलीचा कागद लागतो, आणि तो कागद मिळतो चार नंबरच्या शेजारच्या टेबलावर. परत येताना बसमध्ये एकटाच हसत होतो. डबीत बारा दिवसांच्या गोळ्या होत्या, त्या संपल्या की बंद. आपल्या हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं की एक दिवस चुकवायचा नाही. पण चार वर्षांत मला साधी सर्दी झाली नाही. तीन महिन्यांत काय आभाळ कोसळतंय?

हे मला कसं झालं ते तू चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. त्यापुढे तू मागितलंस ते काहीच नाही.

नाट्यगृहाच्या दोनशे खुर्च्या आल्यात. दिवसभर तोंडात बारीक खिळे भरून बसायचं, जिभेनं एकेक पुढे आणायचा आणि चुंबकाच्या हातोडीनं कापडावर ठोकायचा. आमचे मिस्त्री म्हणतात, तोंडात खिळे असले की माणूस कुणाला वाईट बोलत नाही. मी माझी खिळ्यांची डबी वेगळी ठेवतो. थुंकीनं हा रोग लागत नाही हे मला बाईंनी दोनदा समजावलंय, तरी ठेवतो. मिस्त्रींना वाटतं मी शिष्ट आहे.

दाजींना नमस्कार. नवरीला एक धपाटा. तुझ्या पाकिटाची वाट बघणारा,

धाकटा


६ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुला कळलंच असेल, आमचे व्याही ऐन लग्नाच्या तोंडावर जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. लग्न ऑगस्टवर गेलं. चिमणी तोंड फुगवून फिरतेय, जसं काही मीच त्यांना ढकललं. व्याह्यांनी मात्र कळवलंय की कुबडी घेऊन का होईना, ते नाचणार आहेत.

धाकट्या, तीन महिन्यांचे आता सात होतात. मला बरं वाटत नाही. तुझं वजन किती आहे? जेवण जातंय का? थकवा वाटला तर लगेच कळव, मग लग्न गेलं खड्ड्यात. असं मी लिहितेय खरं, पण तू कळवू नयेस अशीच मनातून इच्छा आहे, हेही लिहून टाकते. आता इतके दिवस निभावलं, थोड्यासाठी हातचं जाऊ नये असं वाटतं.

उत्तर लांबवू नकोस. तुझ्या दोन ओळींवर माझा आठवडा चालतो.

अक्का


३० जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

उत्तर लांबलं. काही विशेष नाही. खालच्या हिरडीवर खिळ्याची जखम झाली होती, ती चिघळली. आमच्या धंद्यात हे घरोघरीचं आहे. बाबांचंही तोंड असं सोलून निघायचं आणि आई तुरटीचं पाणी द्यायची, आठवतं? मिस्त्रींनी तोंड उघडायला लावलं, बघितलं आणि निकाल दिला की हा खिळ्याचाच फोड आहे. त्यांना तीस वर्षांत असे पन्नास झालेत. महिनाभर तुरटीच्या गुळण्या केल्या. फोड कमी झाला नाही, उलट शेजारची दाढ हलायला लागली आणि गाल जरा सुजला.

म्हणून काल दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे एक कागद भरून घेतात: मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, आणखी कुठला आजार आहे का. त्या शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थांबला होता. डॉक्टरांचा दवाखाना हॉस्पिटलच्या समोरच आहे, लग्न तीन आठवड्यांवर आलंय, आणि मदतनीस मुलगी विहीणबाईंशी रस्त्यात बोलताना मी पाहिली होती. ‘नाही’ लिहिलं. त्यांनी मुळाशी पू झालाय म्हणून दोन दाढा काढल्या. आता दुखणं थांबेल.

लग्नात फोटोवाल्याला सांग, मामाचे फोटो उजव्या बाजूनं काढ. डावीकडून मी सध्या दाजींसारखा गुबगुबीत दिसतो.

भेटीअंतीच बाकीचं. आशीर्वाद राहू दे डोक्यावर.

धाकटा


२६ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. उ. आ.

लग्न झालं. सगळे म्हणतात छान झालं. मी फक्त तुझ्याकडे बघत होते. सगळा वेळ गालावर रुमाल धरून उभा होतास, पानावर बसलास आणि काही न खाता उठलास. मी विचारलं तर म्हणालास, दाढा काढलेली जागा भरायला वेळ लागतो. महिना होत आला की रे! आणि गालाची सूज हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. व्याह्यांनी कुबडीसकट ठेका धरला, तेव्हा सगळे हसत होते आणि तू भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होतास.

चिमणी आणि जावई परवा त्याच्या नव्या नोकरीच्या गावी गेले. आता कुणाचा मुलाहिजा ठेवायचा नाही. हे पत्र मिळेल त्याच दिवशी हॉस्पिटलात जा, गोळ्या सुरू कर, आणि जो कुणी तोंड तपासेल त्याला सगळं सांग. माझ्या गळ्याची शपथ आहे.

अक्का


१९ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गेलो. सगळं सांगितलं. लगेच भरती करून घेतलं, गोळ्याही वॉर्डातच आणून देतात, खिडकीपाशी जावं लागलं नाही. हिरडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याचा निकाल काल आला. खिळ्याचा फोड नव्हता आणि दाढेचा पूही नव्हता. लिम्फोमा आहे. एक प्रकारचा कॅन्सर, एचआयव्ही असलेल्यांच्या तोंडात, जबड्यात कधीकधी उगवतो तो. फार भराभर वाढतो. खालचा ओठ महिन्यापासून बधिर होता, मला वाटलं दात काढताना दिलेल्या सुईचा परिणाम असेल. आता गाठ डोळ्याखालपर्यंत आली आहे आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

डॉक्टर तरुण आहेत, खोटं बोलत नाहीत. मी विचारलं की गोळ्या सोडल्या म्हणूनच झालं का. ते म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, गोळ्या नेमानं घेणाऱ्यालाही क्वचित होतो. पण प्रतिकारशक्ती घसरली की त्याला मोकळं रान मिळतं, आणि माझी पार तळाला गेली आहे. शिवाय तुरटीत आणि दाढांत दोन-तीन महिने गेले. पहिल्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी दाढ उपटण्याआधी तुकडा तपासला असता. मग त्यांनी विचारलं, गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडल्यात. मी सांगितलं, माझ्याच. कंटाळा आला होता.

तू काही वेगळं सांगायला इथे येऊ नकोस. एवढं ऐक.

धाकटा


२६ सप्टेंबर

धाकट्या,

आज मायना लिहायला सुचत नाही. पत्र पोस्टातच फोडलं, टपालाच्या ढिगासमोर. शेजारच्या बाईनं विचारलं काय झालं, तर मी म्हणाले डोळ्यांत काहीतरी गेलं. बघ, अजूनही लपवतेच आहे. सवय हाडीमाशी खिळली आहे.

मी तुला मारलं. डॉक्टर काही म्हणोत, बोट ठेवायची जागा मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तिनं तुझा हात माझ्या हातात दिला होता. मी तो हात धरून तुला रांगेतून बाहेर काढलं. कशासाठी? एक बाई खिडकीतून बघेल म्हणून. तिनं बघितलं असतं तर काय झालं असतं, हे मी स्वतःला एकदाही धड विचारलं नाही. लोक काय म्हणतील एवढंच डोक्यात होतं. लोकांनी अजून एक शब्द म्हटलेला नाही आणि माझा भाऊ मात्र मी घालवायला बसले आहे.

रजा टाकली आहे, मंगळवारी पोचते. नको म्हणालास तरी येणार. दाजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला आधी का नाही सांगितलंस, मी दर महिन्याला त्या दुसऱ्या शहरात त्याच्यासोबत गेलो असतो. तुझ्या विनोदांतल्या दाजींनी हे सांगितलं. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माया मागायला तोंड नाही.

अक्का


१७ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू कालच परत गेलीस आणि मी आज लिहायला बसलो. तू समोर असताना पाटीवर लिहायचं म्हणजे चार शब्दांत आटपावं लागतं, आणि तू तेवढ्यावरही रडत होतीस.

सलाइनमधून औषध देतात त्याच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीनं गाठ मऊ पडली, मला वाटलं जिंकलो. दुसरीत पुन्हा वाढली. एचआयव्हीच्या गोळ्या कुटून नळीतून जातात. जीभ हलत नाही, लाळ आवरत नाही, तोंडाला वास येतो. तो वास मला स्वतःला येतो, हे सगळ्यात वाईट. मिस्त्री रोज संध्याकाळी येतात आणि नाक न झाकता तासभर बसतात. काल म्हणाले, मीच खिळ्याचा फोड म्हणालो होतो. मी पाटीवर लिहिलं की या परीक्षेत तुम्ही नापास. ते हसले नाहीत.

आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं, अक्का. मी काही लहान नव्हतो, सदतीस वर्षांचा घोडा होतो. तूच केलंस असं पुन्हा लिहू नकोस. मला भीती वाटते, खूप वाटते, आणि त्यात तुला सावरायची ताकद माझ्यात नाही. खरं सांगायचं तर एकाच गोष्टीवर मी टिकून आहे. चिमणीला त्या घरात माझ्यावरून कुणी बोल लावला नाही, तिचं सुरळीत चाललंय. निदान तेवढ्यासाठी तरी हे झालं. नाहीतर मग हे सगळं कशासाठी, असा विचार मनात आला की मला तो सहन होत नाही.

तिला फक्त कॅन्सर म्हणून सांग. पुढचं नको.

लिहीत राहा. उत्तर आलं नाही तरी पत्र वाचलंय असं समज.

धाकटा


५ नोव्हेंबर

ती. सौ. आईस चिमणीचा शि. सा. न.

मामाला जबड्याचा कॅन्सर आहे हे तुझं पत्र काल मिळालं. आम्ही शनिवारी निघतोय. त्याआधी एक विचारायचंय, आणि तुला धक्का बसेल म्हणून आधीच माफी मागते. मामा त्याच्या नेहमीच्या गोळ्या घेतोय ना? कसल्या ते तुला माहीत नसेल. आई, मामाला एचआयव्ही आहे. मी त्याच्याकडे राहत होते तेव्हा कपाटात डबी दिसली, नाव वाचलं, माहिती काढली. तो रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायचा, म्हणून मी निर्धास्त होते. त्याला बोलले नाही, कारण त्याला संकोच वाटला असता. तुला बोलले नाही, कारण मला वाटलं तू खचशील.

यांना मात्र लग्नाचं बोलणं सुरू होण्याआधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, मग? काळजी घेतोय ना तो? आता तुझं पत्र वाचून त्यांनी सासूबाईंना फोन लावला, तेव्हा त्या रडायलाच लागल्या. फोन माझ्याकडे द्यायला सांगून त्या म्हणाल्या, तुझ्या मामाला मी चार वर्षं ओळखत होते. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या पाचांत उभा असायचा, कधी तारीख चुकवली नाही. रुग्णाचं नाव घरात काढायचं नाही म्हणून सोयरीक जुळली तेव्हाही मी बोलले नाही. जानेवारीनंतर तो दिसला नाही तेव्हा वाटलं, आमची सोयरीक झाल्यामुळे संकोचून दुसरीकडे बदली करून घेतली असेल. लग्नात त्याचा गाल बघून विचारणार होते, पण वाटलं मी विचारलं तर तुझ्या आईला कळेल.

आई, त्यानं गोळ्या सोडल्या होत्या का? का सोडल्या? तुला काही बोलला का?

लाडकी असेनच मी अजून, असं धरून चालते.

तुझी,
चिमणी


२४ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस अ. उ. आ.

तुम्ही दोघं येऊन गेलात तेव्हा मामा शुद्धीत नव्हता, आणि तू विचारलेल्याला मी उत्तर दिलं नाही. आता देते. गोळ्या मी सोडायला लावल्या. तुझ्या सासूबाईंनी त्याला बघू नये म्हणून. मला सगळं ठाऊक होतं, त्याला झालं त्या दिवसापासून. आपण सगळे एकाच माणसाचं गुपित एकमेकांपासून जपत बसलो. आपल्यातल्या कुणी एकानंही तोंड उघडलं असतं तर तो आज खुर्च्या ठोकत असता.

तुझ्या सासूबाईंना मी खिडकीपाशी जाऊन भेटले. त्यांनी खिडकी बंद केली, बाहेर आल्या आणि माझ्याजवळ बाकावर बसल्या. मला वाटलं होतं मला बोलतील. त्या स्वतःलाच बोल लावत होत्या. मी त्यांच्याकडे एवढंच मागितलं की यातलं त्याच्या कानावर घालू नका.

शांतपणे गेला असं मी तुला खोटं लिहिणार नाही. दोन दिवस श्वासासाठी झगडत होता. गुरुवारी सकाळी गेला. मिस्त्री आणि दाजी जवळ होते, मी औषध आणायला खाली गेले होते.

तुम्ही निघाल्यानंतर, सोमवारी दुपारी तो तासभर चांगला जागा होता. माझ्याकडे खुणेनं पाटी मागितली. चिमणीला त्या घरात काही त्रास नाही ना, असं लिहिलं. अक्षर पार वाकडं झालं होतं. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. वाटलं, निदान आता तरी त्याला खरं सांगावं. पण ते ऐकून त्याच्या हातात काय उरलं असतं? मी म्हणाले, विहीणबाईंना शेवटपर्यंत काही कळलं नाही. तू त्या रांगेत गेला नाहीस म्हणूनच तिचं लग्न निभावलं, तुझ्यामुळे तिचा संसार उभा राहिला. त्यानं माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग लिहिलं, ‘मग झालं तर.’ आणि पाटी स्वतःच पुसली.

माझ्यावर राग धर, तो तुझा हक्क आहे. पण ये.

तुझी,
आई